डोकं पेन्सिल्वेनियात, पाय इकडे

— ते ओळखपत्र ठेवा खिशात, वाचलं मी, फोटो तुमचाच आहे, त्याला इलाज नाही. आधी मला सांगा, खुर्ची कुणी हलवली? पिवळ्या बैठकीची, माझ्या दारासमोर गाडीच्या जागेत ठेवलेली? तुम्हीच ना? उचललीत, फुटपाथवर ठेवलीत आणि आपली भाड्याची गाडी लावून मोकळे झालात. वाटलं असेल, कुणीतरी मोडकी खुर्ची टाकून दिलीय. साहेब, या खोऱ्यात दारासमोरच्या जागेत खुर्ची ठेवलेली असली की ती जागा कुणाचीतरी असते. पोलीस हलवत नाहीत, बर्फ काढणारी गाडीसुद्धा वळसा घालून जाते. इथं एखाद्यानं दुसऱ्याची बायको पळवली तर गाव चार दिवस बोलतं आणि विसरतं. खुर्ची हलवणाऱ्याला विसरत नाही. असो. आता आलाच आहात तर बसा. झोपाळ्यावर बसा — नाही, त्या टोकाला नको, ते टोक तिचं आहे. इकडे. हां.

कॉफी देणार नाही. समोर दोन कप दिसतायत म्हणून आशा लावून बसू नका, तो दुसरा तुमच्यासाठी नाही.

तर तुमच्या विमा कंपनीला असं जाणून घ्यायचंय, की माझी बायको मार्लीन ह्लावाती हिनं तुमच्याकडून पॉलिसी घेतली तेव्हा ती खरोखर पेन्सिल्वेनियात राहायला गेली होती, की इथंच वेस्ट व्हर्जिनियात माझ्या शेजारी घोरत पडली होती. आणि इथं घोरत होती असं निघालं तर पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्द, पिट्सबर्गच्या हॉस्पिटलात शिरेतून जे औषध देतात ते बंद, आणि आजवर दिलेल्याचं बिल आमच्या छातीवर. बरोबर बोललो ना? स्पष्ट बोललेलं बरं. मी रूडी ह्लावाती, पत्रा बनवणाऱ्या गिरणीत आयुष्य घातलं, गिरणी बंद पडली, आता मी स्पष्ट बोलतो, तेवढंच काम उरलंय.

सगळं सांगतो. अक्षर न् अक्षर खरं सांगतो. आमच्या चर्चच्या मोठ्या घंटेची शपथ — घंटा मागच्याच वर्षी विकली, पण शपथ जुनी आहे, ती लागू होते. खोटं बोलेन तर ही जीभ झडो. आणि झडली तरी फारसं अडणार नाही, बोलायला घरात कोण — ते जाऊ द्या.

मार्लीन शाळेची बस चालवायची. डोंगरातले ते रस्ते तुम्ही आत्ता बघितलेत, तुमचा चेहरा अजून पांढरा आहे. त्या रस्त्यांवरून बर्फात, धुक्यात, मागं पोरांचा कालवा, आणि ही बाई एका हातानं चाक धरून दुसऱ्या हातानं आरशात बोट दाखवायची — "ए कोवाच, खाली बस, नाहीतर तुझ्या आजीला सांगेन, आईला नाही, आजीला!" पोरगं खाली. तर एके दिवशी तिला ब्रेक सापडेना. ब्रेक जागेवर होता, पाय सापडत नव्हता. तिनं बस हळूच टेकडीच्या कडेला घासत घासत थांबवली, पोरांना उतरवलं, आणि पुन्हा कधी त्या खुर्चीवर बसली नाही. मज्जातंतूंचा आजार. पायांपासून सुरू झाला. डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "रूडी, लिहून ठेव, मला हे नाव लक्षात ठेवायचं नाहीये."

आता यातली मजा बघा. सरकारनं तपासलं, फेरतपासलं आणि मान्य केलं — होय बाई, तू अपंग आहेस, तुझ्याच्यानं काम होणार नाही. छान. मग मेडिकेअर, म्हणजे सरकारचा आरोग्य विमा? तो दोन वर्षांनी. म्हणजे तू आजारी आहेस याची आम्हाला खात्री पटलीय, आता दोन वर्षं थांब, बघू खात्री टिकते का. मधल्या काळात बरी झालीस तर सरकारचा खर्च वाचला, मेलीस तर आणखी वाचला. आणि त्याच सुमाराला माझी गिरणी बंद, म्हणजे माझ्या नोकरीचा विमाही गेला. ती दोन वर्षं आम्ही कशी काढली ते विचारू नका. विचारलंत? नाही विचारलंत. तुम्ही लोक ते कधीच विचारत नाही.

बरं, दोन वर्षांनी मेडिकेअर आलं. आम्ही पेपरोनीचे पाव भाजले, शेजारच्या पास्टोरेला बोलावलं, त्यानं अकॉर्डियन वाजवलं — वाईट वाजवतो, पण वाजवलं. आणि मग कळलं की मेडिकेअर औषधाचे शंभरातले ऐंशी भरतं. वीस आपले. वीस म्हणजे ऐकायला किती गरीब आकडा! पण कशातले वीस? ते औषध असलं महाग, की नर्स पिशवी टांगताना श्वास रोखून धरते. आणि त्या विसाला वर झाकण नाही, साहेब. भरत राहा. तर जगात त्यावर उपाय आहे, पूरक विमा, तो हे वीस उचलतो. तुमचाच माल. मी गेलो विचारायला. तिथल्या बाईनं गोड हसून विचारलं, "वय काय मॅडमचं?" म्हटलं, छप्पन्न. म्हणाली, "मग पासष्ट झाल्यावर या ना." अहो, पासष्ट झाल्यावर या! जणू मी फटाके घ्यायला आलोय आणि स्वातंत्र्यदिन, चार जुलै, लांब आहे. आमच्या राज्यात पासष्टच्या आतल्या अपंगाला पूरक विमा विकायची सक्तीच नाही. म्हाताऱ्याला द्यावा लागतो, लंगड्या तरुणाला दिला तर दिला. कुणी देत नाही. का देतील? म्हातारा कदाचित आजारी पडेल. ही आजारी आहेच.

आणखी मार्ग होते, नव्हते असं नाही. मार्ग सांगणाऱ्यांचा तर पूर आला होता. गरिबांचा सरकारी विमा आहे म्हणे — त्याला आम्ही पुरेसे गरीब नाही. गिरणीच्या पेन्शनीनं आमची गरिबी बाटवली. एका सुटातल्या शहाण्यानं तर आवाज खाली आणून सल्ला दिला, की घटस्फोट घ्या. कागदावर. बाई एकटी पडली की गरीब ठरते, विमा मिळतो, तुम्ही राहा की एकत्र, कोण बघतंय! मार्लीन त्याला म्हणाली, "भल्या माणसा, याच्याशी तीस वर्षं भांडून हे लग्न टिकवलंय, तू ते सहीनं मोडायला निघालास?" आणि अशी हसली, अशी हसली, की तिच्या हातातली काठी पडली. मीही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मग डोनटवाला. ऑक्टोबर लागला की हे विमा विकणारे लोक मशरूमसारखे उगवतात. अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये सभा — जेवण द्यायला त्यांना कायद्यानं बंदी आहे, फराळ चालतो, म्हणून डोनट. आख्खं गाव डोनट खायला गेलं आणि मेडिकेअरच्या जागी खाजगी योजना घेऊन परतलं. दात फुकट, चष्मा फुकट, व्यायामशाळेचं कार्ड फुकट. चालता येत नाही त्या बाईला व्यायामशाळेचं कार्ड! ती म्हणाली, "घेऊ रूडी, निदान दार उघडून बघू." घेतली. हात दाखवून अवलक्षण. पिट्सबर्गचा तिचा डॉक्टर यादीत नाही. यादीत जो होता तो गुडघ्यांचा. गुडघे तिचे उत्तम आहेत, अजूनही. औषधाला आधी परवानगी मागायची, परवानगी नाकारली, अर्ज केला, पुन्हा नाकारली, सगळं भिजत घोंगडं. दोन डोस चुकले. पहिला चुकला तेव्हा तिचा डावा हात जड झाला. दुसरा चुकला तेव्हा एका सकाळी इथं, याच झोपाळ्यावर, तिच्या हातातून कप निसटला आणि ती कपाकडे नाही, हाताकडे बघत राहिली. मी फरशी पुसली. दोघं काही बोललो नाही. आम्ही दोघं, साहेब! जी दोघं टोमॅटोवरून तासभर भांडू शकतो.

म्हणून हद्द.

आमची ही पट्टी बघितलीत ना नकाशात? एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला पेन्सिल्वेनिया, मध्ये आम्ही, बोटाएवढे. इथं माणूस जोरात शिंकला तर आवाज आमच्या राज्यात होतो आणि थेंब दुसऱ्या राज्यात पडतात. आणि तिकडं, त्या टेकडीच्या पलीकडं, कायदा वेगळा. तिकडं पासष्टच्या आतल्यालाही पूरक विमा नाकारता येत नाही. तीच बाई, तेच पाय, तीच तुमची कंपनी — टेकडीच्या या उतारावर "पासष्टला या" आणि त्या उतारावर "या मॅडम, बसा." ग्रंथालयात फुकट सल्ला देणारी ओपलबाई आहे, तिनं समजावलं: जुनी खाजगी योजना चालते तो मुलूख सोडून तिकडं राहायला गेलं, तर ठरलेल्या मुदतीत नवी पॉलिसी त्यांना द्यावीच लागते, आजार विचारता येत नाही. "पण राहायला जायचं," ती म्हणाली, "पत्ता न्यायचा नाही, माणूस न्यायचा."

मग आम्ही घरच नेलं!

हसू नका. लिहून घ्या, लिहून घ्या, हेच तर विचारायला आलात. माझ्या काकाचा ट्रेलर होता, चाकांवरचं घर, वर टेकडीवर, हद्दीच्या दगडाला खेटून. म्हटलं चाळीस पावलं ओढलं की झालं काम, घर तेच, चूल तीच, राज्य नवीन. मार्लीन आत पलंगावर बसलेली, मांडीवर हालुश्कीची कढई — कोबी आणि शेवया, लोणी सुटलेलं — म्हणाली, "मी उतरणार नाही. राणी पालखीतून जाते." अग्निशमनवाल्यांचा बंब पुढं, दोर बांधलेला, पास्टोरे छपरावर चढून पोल्का नाचाची धून वाजवतोय, पाद्री बाटलीतलं पवित्र पाणी चाकांवर शिंपडतायत, आणि मला तर वाटतं गंज त्यानंच सैल झाला. निघालं! गेलं, गेलं, गेलं — आणि दगडावर येऊन अडलं. अर्धं अलीकडं, अर्धं पलीकडं. न पुढं न मागं. स्वयंपाकघर पेन्सिल्वेनियात, संडास वेस्ट व्हर्जिनियात. मीठ आणायला जायचं तर राज्य ओलांडायचं. आणि पलंग बरोबर मधोमध! तुमच्या कंपनीला फोन लावला, तिकडून विचारलं, "बाई झोपतात कुठल्या राज्यात?" मार्लीन म्हणाली, "कुशीवर अवलंबून आहे." तर ते म्हणाले, नियम असा आहे की जिथं उशी तिथं वास्तव्य. मग काय, पलंग फिरवला. डोकं पेन्सिल्वेनियात, पाय इकडे. आणि पॉलिसी आली, साहेब, झोकात आली — पण डोक्यापुरती! डोकं तिचं ठणठणीत, आजार पायांत, आणि पाय वेस्ट व्हर्जिनियात, त्यांना पासष्टला या! मग रोज मी काय करायचो, तिला खांद्याखाली धरून जरा जरा वर सरकवायचो. एक दिवस कंबर गेली पलीकडं, एक दिवस गुडघे, टाचा राहिल्या होत्या शेवटी, तर —

काय? अर्जावर ट्रेलरचा पत्ता नाहीच? बहिणीच्या घराचा आहे?

हो. तोच आहे. बर्नाडेट, माझी मोठी मेव्हणी, तिचं घर टेकडीपलीकडं, एकमजली, सपाट. तिथं गेली ती. ट्रेलर होता, खोटं नाही सांगत, पण त्यात काकाच्या कोंबड्या होत्या, आणि चाकं — चाकं कुणीतरी आधीच पळवली होती. पण घंटेची शपथ, पॉलिसीचं खरं आहे. बाकी गोष्ट सांगताना जरा हात सैल सोडावा लागतो, तुम्हीही जाहिरातीत सोडताच की. दाढीवाला म्हातारा नातीला झोका देतोय, खाली बारीक अक्षरात काय काय मिळणार नाही त्याची यादी.

तर ती बर्नाडेटकडं गेली. राहायला. खरोखर. कपडे, गोळ्या, तिचा तो पक्ष्यांना दाणे घालायचा पिंजरा, काठ्या, सगळं गाडीत घातलं. गाडी तीच चालवते, हातांनी, लिव्हर बसवून घेतलंय, डावा हात औषधानं परत आला ना. निघताना काच खाली करून म्हणाली, "माझी जागा धरून ठेव." म्हणून खुर्ची. आता कळलं? रविवारी येते. प्रार्थनेनंतर येते, हालुश्की करते, खारट करते, मी खारट म्हणतो, ती म्हणते जीभ तुझी खारट, आणि उजेड असेपर्यंत परत जाते. कारण तुमच्यासारखे लोक बघत असतात. रविवारी येणं गुन्हा नाही ना? बायकोनं नवऱ्याकडं रविवारी येणं? विचारा तुमच्या वरच्यांना.

— कोण म्हणालं? रोज? कोण म्हणालं खुर्ची रोज असते? पास्टोरे म्हणाला. अर्थात. अकॉर्डियनसारखाच आहे तो, कुठूनही दाबला की आवाज. तर तुमचा हिशोब असा, की खुर्ची रोज असते, म्हणजे जागा रोज लागते, म्हणजे गाडी रोज येते, म्हणजे मार्लीन इथंच राहते. वा! काय डोकं आहे! हे डोकं पण पेन्सिल्वेनियात ठेवून या. आणि सकाळी तुम्ही बर्नाडेटकडं गेलात, मार्लीन तिथं नव्हती, म्हणून तर इथं आलात धावत. अहो आज गुरुवार! गुरुवारी ती गरम पाण्याच्या तलावात असते, तिकडच्या पुनर्वसन केंद्रात, पाण्यात ती चालते, तुम्हाला माहीत आहे? पाण्यात चालते. उभी. बर्नाडेटनं मला फोनवर सांगितलं. मी बघितलेलं नाही.

काय बघताय? दोन कप. हो, दोन आहेत. दाराशी सपाता, हो, बाईच्याच, माझ्या पायाला त्या होतील का? झोपाळ्याचं टोक तिचं म्हणालो, हो, म्हणालो मी. टिपा, टिपा सगळं. एकेक टिपा. कुठलाही नवखा असेल तो म्हणेल की बाई आत आहे, दार ओढून बसलीय, म्हातारा तिला लपवतोय.

तसं असतं तर, साहेब, मी तुम्हाला या जिन्यावरून वर येऊ दिलं असतं?

तुम्ही जिन्यावरून आलाच नाहीत, ते मी बघितलं. उतारावरून आलात, बूट जपत. तो उतार मी बांधला. चांगलं लाकूड आहे, कठडा आहे, वळणाला सपाट जागा आहे खुर्ची फिरवायला, चाकाची खुर्ची. जाताना खाली वाकून बघा. बुटांचे डाग आहेत, माझ्या, पोस्टमनच्या, आता तुमच्या. चाकाचा एक ओरखडा दाखवा मला. एक. रंग जसा लावला तसा आहे.

नाही, पुरावाच हवा ना तुम्हाला? चला मग. या. दारातूनच बघा, आत पाऊल टाकू नका. ती आमची झोपायची खोली. पलंगाची खिडकीकडची बाजू तिची. तिच्या बाजूला काय आहे? धुतलेले कपडे. ढीग. घडी न घातलेले, मोजे, बनियन, टॉवेल, सगळं एकात एक. कालचे नाहीत ते, आणि परवाचेही नाहीत. मी वरनं घेतो आणि वरच टाकतो. आता ऐका, तुम्ही मार्लीनला भेटला नाहीत. ती बाई पाय चालत नव्हते तेव्हा पलंगावर बसून टॉवेलांच्या घड्या घालायची, काठाला काठ. चुरगळलेला मोजा दिसला तर तिचं रक्त खवळायचं. ती या घरात एक — एक दुपार जरी असती, तर तो ढीग तिनं राहू दिला असता? नुसती दारात आली असती तरी ओरडली असती. हे टिपा. हे चांगल्या अक्षरात टिपा. ती इथं राहत नाही. गेली त्या दिवसापासून राहत नाही. औषध चालू ठेवा तिचं.

झालं ना समाधान? पेन बंद करताय म्हणजे झालं.

मग आता एक गोष्ट मी विचारू? तुम्ही विम्याचेच आहात, तुम्हाला माहीत असेल. ओपलबाई म्हणाली — वसंतात म्हणाली, मी तिला टोमॅटोची रोपं द्यायला गेलो होतो — म्हणाली, पूरक पॉलिसी एकदा रीतसर मिळाली, आणि हप्ते वेळेवर जात राहिले, की ती माणसाबरोबर राहते. पुढं माणूस हद्द ओलांडून परत आला तरी कंपनीला ती काढून घेता येत नाही. सरळ राहायला गेली होती, सरळ घेतली होती, आता खुशाल घरी यावं. खरंय ना हे? मान हलवताय. खरंय. मला वाटलं ती म्हातारी चुकली असेल. कधी कधी वाटायचं, चुकलीच असावी.

मी लगेच फोन केला होता मार्लीनला. उभ्यानंच. म्हटलं, अगं ऐकलंस का, तुझं डोकं, पाय, सगळं आण इकडे, चालतंय! ती म्हणाली, "बरं झालं कळलं, रूडी." मग म्हणाली, बर्नीच्या अंगणात लाल पक्षी येतो, जोडीनं. मग म्हणाली, तलावाची वेळ झाली. मला वाटलं पायऱ्यांचं असेल. आमच्या पायऱ्या वाईट आहेत. म्हणून उतार बांधला, सांगितलं तिला, उतार बांधलाय गं, कठडा आहे. म्हणाली, "फोटो पाठव." पाठवला. म्हणाली, "सुबक झालाय." सुबक!

ते तोंड करू नका. तसलं तोंड करून माझ्या ओसरीवर बसायचं नाही. कंपनीनं तुम्हाला संशय घ्यायला पाठवलंय, तेवढाच घ्या, बाकीचं आमचं आम्ही बघू.

घंटेची शपथ घेतली होती मी, तेव्हा खोटं कुठलं ते सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या टिपणात घोळ नको. ट्रेलर तर तुम्हाला कळलाच, पण तो कोंबड्यांसकट अर्धा खरा आहे. घटस्फोटवाला खरा, डोनट खरे, कप निसटला ते खरं. तिनं काच खाली करून "माझी जागा धरून ठेव" म्हटलं, ते खरं. रविवार खोटे. सगळे. ती एकाही रविवारी आलेली नाही. हालुश्की मी करतो, खारट मीच करतो.

उठा आता. नाही, हात नको मिळवायला. गाडी काढा आणि खुर्ची होती तिथं ठेवा — अशी नाही, पाठ टेकडीकडं नको, पिवळी बाजू टेकडीकडं. वरच्या वळणावरून गाडी येते ना, तिथूनच दिसली पाहिजे. जरा पुढं. अजून. हां. जा.